शेयशेन आजोबांच्या पुढे कुणी जाईना

३ मार्च, रविवार
आमच्या गावाच्या नावाने नारीन धाव मंडळ आज स्थापन. संस्थापक, अध्यक्ष, सचिव: मी. ब्रीद: मागे कुणी राहणार नाही. म्हातारे, लठ्ठ, लंगडे, बाबागाडीवाले, सगळे चालतील. दर रविवारी नऊला पुलापाशी. धावून झाल्यावर चहा, आणि प्रत्येकाने आपली गोष्ट सांगायची. पाच मिनिटं.

मुलगी मीरीम बिश्केकहून फोनवर म्हणाली, बाबा, आई जाऊन तीन महिने झाले, त्या घरात भिंतींशी बोलत बसणार का? विका आणि इकडे या. म्हणालो, एप्रिलअखेर माझ्याभोवती पन्नास माणसं असतील. नसली तर विकू. बरं म्हणाली. मला काही वाटलं नाही. हल्ली वाटत नाही, ते तब्येतीला चांगलं.

१० मार्च
उपस्थिती दोन. शेजारचे शेयशेन आजोबा, वय एक्याऐंशी, काठीसह. आणि औषधाच्या दुकानातली नुरजमाल. सुरुवात जोरदार. आजोबांनी त्यांच्या घोड्याची गोष्ट सांगितली, चाळीस मिनिटं. नुरजमालने विचारलं, काका, तुम्ही नाही धावलात? गुडघा, म्हणालो. माझी गोष्ट राहिली. अध्यक्षाने शेवटीच बोलायचं असतं.

२४ मार्च
नवरोजचं खाणं अजून सगळ्यांच्या पोटात. तरी चौदा नवे सदस्य! नावं वहीत.

अडचण एकच. आजोबा सगळ्यांत पुढे उभे राहिले. वडीलधाऱ्याला ओलांडून कोण जाणार? चौदाही जण हात मागे बांधून त्यांच्या काठीमागून. त्यात सैन्यातला अझत, महागडे बूट घालून. दोन किलोमीटर, एक तास दहा मिनिटं. मी ओरडलो, अरे जा पुढे! सगळ्यांनी असं बघितलं, जणू मी आजोबांची टोपी उडवा म्हणालो.

३१ मार्च
तोडगा निघाला. आजोबांना म्हणालो, तुम्ही प्रमुख पाहुणे, खुर्चीवर बसा. बसले. पण बसलेल्या आजोबांसमोरून पळत जायचं कसं? सगळे त्यांच्याभोवती बसले. नुरजमाल म्हणाली, काका, तुमच्या शर्यतीत सगळ्यांचाच पहिला नंबर. टोमणा होता. इतिवृत्तात घेतला नाही.

१४ एप्रिल
आजोबांना निरोप धाडला होता: या रविवारी विश्रांती घ्या. नऊला पुलावर मी. साडेनऊला मी. दहाला नदीच्या पलीकडून आजोबा चालत गेले, मागे चाळीसेक माणसं, एका बाईच्या हातात तळलेल्या बोर्सोकचं पातेलं. अझतने हात हलवला. मीही हलवला.

मंडळाची दुसरी शाखा सुरू झाली. सहा आठवड्यांत! मीरीमला कळवलं. घरी येऊन दिवसभर झोपलो.

२८ एप्रिल
वही घेऊन शाखेच्या तपासणीला गेलो. त्यांनी जागा करून दिली, चहा दिला. एकेकाची गोष्ट झाली. मग आजोबा म्हणाले, तेमिर, आता तू.

टाळायला निमित्त सापडेना. म्हणालो, माझी बायको बुरुल डिसेंबरात वारली. मला अजून रडू आलेलं नाही. तुम्ही सगळे नवे आहात, तुम्हाला माहीत नसेल.

मग आजोबा म्हणाले, अरे बाळा, हे आम्हाला सांगतोस? तुझ्या अंगणात बुरुलच्या मयतीचा तंबू कुणी उभारला? या अझतने गोठलेल्या जमिनीत कबर खणली. नुरजमाल तीन दिवस तुझ्या चुलीपाशी होती. तू तंबूच्या दाराशी उभा होतास, आमच्यातल्या एकेकाच्या गळ्यात पडलास.

वहीतली नव्या सदस्यांची यादी काढली. एकेक नाव, मग समोर तो चेहरा. तेव्हाचा एकही आठवला नाही. अझतचे हात तेवढे बराच वेळ बघत बसलो. आता मात्र वाटलं. फार वाटलं.

संध्याकाळी मीरीमचा फोन. किती जमली माणसं? म्हणालो, मी जमवलेलं एकही नाही. मग घर विकायचं ना, म्हणाली.

मी म्हणालो, नको.