चावून भरवलेली भाकरी

कुंभारी (सोलापूर)
४ जुलै २०२५

ती. आत्याबाईंच्या चरणी ऋतुजाचा सा. न. वि. वि.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र लिहितेय. चौथीपर्यंत शिकलाय, तेव्हा वाचता येत नाही ही सबब चालायची नाही.

अपेक्षाचा दुसरा केमो झाला. केस गेले. मानेतल्या गाठी मात्र बसत चालल्यात, आणि या जातीच्या कॅन्सरमधून बहुतेक लेकरं बरी होतात, असं डॉक्टरबाई सांगतात. पण पोरगी खात नाही. ताट पुढं केलं की तोंड फिरवते, आज्जी कुठाय म्हणते. वजन असंच उतरलं तर पुढचा केमो लांबवावा लागेल, असं आज स्पष्ट सांगितलंय. मी पार थकलेय, आत्याबाई. आता रडूही येत नाही.

तपासणीत निघालेला विषाणू थुंकीतून पसरतो, एवढंच यांनी ऐकलं, आणि तुम्ही तिला भाकरी चावून भरवायचात ते आठवून चारचौघांत नाही नाही ते बोलले. तुम्ही घोटभर पाणीही न पिता एसटी धरलीत. मला यांचा अस्सा राग आलाय! पण भांडायला त्राण नाही. तुम्ही या हो.

लेकीवरची माया सुनेवरही राहू द्या.

तुमची,
ऋतुजा


वस्तीवरनं, ता. सांगोला
१० जुलै

चि. सौ. ऋतुजास केराबाईचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. हितं सगळी बरी हायत. पाऊस न्हाय, मेंढरं लई लांब न्यावी लागत्यात.

मी येत न्हाय. बाळासो माजं लेकरू हाय, पर त्यो खोटं बोलला न्हाय. तू कारखान्यात कापडं शिवायला जायचीस, वर्साची पोर माज्यापाशी. तिला चावंना म्हणून भाकरी मी चावून मऊ करायची. माज्या आयनं मला तशीच भरवली, मी बाळासोला. त्याला कायबी झालं न्हाय, मग पोरीलाच कसं झालं, ह्ये डोस्क्यातनं जात न्हाय.

आता माजं ताट-तांब्या येगळा ठेवलाय. जाऊबाई मायाक्काच्या नातवाला जवळ घेत न्हाय. ती इचारती, मी कायबाय सांगती. कोकराला बाटलीनं दूध पाजायचं बी सोडलं. मुक्या जनावराला कशाला लावू? लई वंगाळ वाटतंय बग.

पोरीला सांग, आज्जीला ताप हाय. तू बी दोन घास खा, न्हायतर तूच खाटंवर पडशील. बाळासोला बोलू नगंस, त्याचं बी काळीज जळतंय की.

माया हाय, ती लांबनंच समज.

केराबाई


कुंभारी
१६ जुलै

ती. आत्याबाईंना ऋतुजाचा सा. न. वि. वि.

कोकराचं वाचून आधी हसू आलं, मग हुंदका. अहो, कोकराला काय धाड भरलीय? पाजा त्याला दूध.

तुमचं पत्र घेऊन मी तडक डॉक्टरबाईंकडे गेले. यांनाही दंडाला धरून नेलं. बाई म्हणाल्या, हा विषाणू नागिणीच्या कुळातला. मागं तुमच्या कमरेला नागीण उठली होती ना? ती लहानपणच्या कांजिण्यांची. कांजिण्या बऱ्या होतात, पण विषाणू अंगात निजून राहतो आणि म्हातारपणी उठतो. हा तसाच रक्तातल्या पांढऱ्या पेशींत निजतो, आणि आला की जन्मभर जात नाही. जवळजवळ सगळ्यांच्या अंगात तो असतो. कुणाला मुक्यातून येतो, कुणाला शाळेतल्या पाण्याच्या बाटलीतून. यांच्यात असणार, माझ्यात असणार. बाई म्हणाल्या, माझ्यातही असेल. फार थोड्यांच्या बाबतीत तो पेशी बिघडायला हातभार लावतो, आणि त्यालाही आणखी बरंच काही जुळून यावं लागतं. आपल्याच पोरीचं का जुळलं, ते त्यांनाही सांगता येत नाही.

चावून देण्यापेक्षा कुस्करून द्यावं, हे त्यांनी सांगितलं. पण तुम्ही भरवली नसती तरी तो आज ना उद्या कुणाकडून तरी आलाच असता, हेही सांगितलं. हे मान खाली घालून ऐकत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, आईला काय लिहू ते सुचत नाही. मी म्हटलं, तुम्हाला सुचेपर्यंत पोरीनं उपाशी राहायचं का? २७ तारखेला, रविवारी, ते तुम्हाला न्यायला येतायत. दारातनं हाकलू नका.

वाट बघणारी,
ऋतुजा


वस्तीवरनं
२१ जुलै

चि. सौ. ऋतुजास आशीर्वाद.

तुजं पत्र दोनदा वाचलं. त्या डॉक्टरबाईचं भलं होवो. डोस्क्याला पटलं बग. बाळासो आला की त्याला जेवू घालती आन् त्याच्यासंगं निगती. त्यानं कायबी बोलायची गरज न्हाय.

पर एक सांगती. काल मायाक्काच्या नातवाला मांडीवर घेतलं. भात कुस्करला, घास केला, आन् हात त्याच्या तोंडापतूर गेलाच न्हाय. घास तसाच ताटात ठेवला आन् आत जाऊन रडली.

तितं पोरगी माज्याच हातनं खायाचा हट्ट धरंल. तवा तू कुटं जाऊ नगंस. माज्या शेजारी बस, माजं मनगट घट धर, आन् माजा हात तिच्या तोंडापतूर तू ने. एकटीला मला जमायचं न्हाय, ऋतुजा.

तुजी,
केराबाई