पारासमोरून, चपला पायात ठेवून

सोमवार, ८ डिसेंबर

सगळ्यात आधी आली चंद्राबाई. शेजारीणच माझी. पण नाटकाला अशी आली जसं तिच्याच घरचं लगीन. बसायला घरून पोतं, तोंडात सुपारी, आन् नाटकवाल्यांची जीप अजून फाट्यावरच. मग मी गेले. मग बाकीच्या. बाया मागं, पिठाच्या गिरणीच्या भिंतीला टेकून. मान्सं पुढं, पारावर. लिंबाखालचा दगडी ओटा, तिथं मान्सांशिवाय कोणी बसत न्हाई.

नाटकवाले लातूरचे, चौघं. वैशालीताई त्यांची मोठी. रेणुका किनवटकडची, आवाज असा की सुटलेला बैल जागी थांबावा. आणि दोन पोरं, चिकटवलेल्या मिशांची. एकाची मिशी घामानं सुटून व्हटावर लोंबत होती, तो बोलता बोलता जिभेनं वर ढकलायचा. हसून हसून पोट दुखलं.

तर रेणुका झाली सून. डोक्यावर घागर घेऊन पारासमोरून चालली. पायात चपला! आम्ही सगळ्या मागून वरडलो, "अगं चप्पल काढ! चप्पल काढ!" आम्हाला वाटलं पोरगी चुकली, शहरातली हाय, तिला काय मालूम.

वैशालीताईनं नाटकच थांबवलं. "कामून काढायची?"

चंद्राबाई म्हणाली, "पार हाय ना."

"मग?"

"मग काय मग. पार हाय!"

ताई म्हणाली, या, करून दाखवा. चंद्राबाईला तेवढंच पायजे. उठली. लिंबाच्या अलीकडं चपला काढल्या, काखेत धरल्या, पदर कपाळाखाली, मान खाली, अंग चोरून तुरुतुरु चालली आन् गिरणीपाशी येऊन पुन्हा पायात घातल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पारावरची मान्सं मिशीत हसली.

मी बी हसत होते. मग हसू जागीच थांबलं. लगीन होऊन आले तवापासून मी अशीच चालते. पण तसं चालताना कसं दिसतं ते समोरून आज बघितलं.


मंगळवार, ९

आज घरातलं लिहिते. कोणाला सांगावं, चंद्राबाईला सांगितलं की गावाला सांगितलं.

गोठ्यात आढ्याला सायकल टांगलेली हाय. नातीची, अंकीची. शाळेतून मिळालेली, निळी. पोरगी दहावीला, शाळा लांबच्या गावी, यष्टी तिच्या मर्जीनं येते. सायकल आली तवा अंकीनं मला मागं बसवून परड्याला चक्कर मारून आणली. मी देवाचं नाव घेत व्हते, ती म्हणे आज्जी डोळे उघड.

पण शाळेचा रस्ता पारासमोरून. तिथं बाईनं सायकलवरून उतरायचं, हातात धरून चालत जायचं. पैल्यांदा अंकी उतरायची. एक दिवस पेपरला उशीर झाला, न्हाई उतरली. घंटी बी वाजवली म्हणे.

थोरल्या भावजींनी शिवाला बोलावून घेतलं. शिवा माझा ल्योक. थोरले भावजी म्हणजे यांचे मोठे भाऊ, पारावर बी सगळ्यात मोठे. हे गेल्यापासून घरात त्यांचाच शब्द. काय बोलले काय की, शिवा आला तो थेट गोठ्यात. दोर काढला, सायकल वर. "उतरून जायचं तर जा. न्हाई तर घरी बस."

अंकी म्हणाली, "उतरणार न्हाई."

तवापासून ती घरी, सायकल वर. बाप बोलत न्हाई, लेक बोलत न्हाई. दोघं माझ्याच वळणावर गेले. गुरुजींचा दोनदा फोन, असंच चाललं तर दहावी जाईल म्हणाले.


बुधवार, १०

नाटकवाले अजून गावातच, शाळेच्या खोलीत मुक्काम. आज आमच्या अंगणात बाया जमवल्या. पिठलं-भाकर केली, ठेचा केला. मिशीवाल्या पोराच्या डोळ्यातून पाणी, तरी मागून खाऊन राह्यला. माझी मुदखेडची नणंद अशीच, नाक पुसत पुसत ठेचा खायची. असो.

ताई म्हणाली, गावातलं काहीतरी सांगा, त्याचंच नाटक करू. अंकी उभी राह्यली आन् सायकलीचं सगळं सांगून टाकलं. ताईनं विचारलं, करू का? नाव कोणाचं घेणार न्हाई.

मी सूनबाईकडं बघितलं. मंगल. ही बाई मीठ कमी पडलं तरी सांगत न्हाई. भांडं घासत व्हती. वर न बघता म्हणाली, "करा."

मी म्हणलं करा मग.

सायकल कुठली? आमच्याच दोन दुरड्या घेतल्या. पोरांनी पुढं-मागं धरून गरगर फिरवल्या, मध्ये रेणुका. झाली सायकल! अंकी कितीक दिवसांनी हसली.


शुक्रवार, १२

आज जे झालं ते नीट लिहायचं हाय.

दिवेलागणीला नाटक. पोरगी सायकलवर, पारावरचे रागावले, बापानं सायकल टांगली, पोरगी घरी. संपलं. शिवा गिरणीच्या कोपऱ्याला उभा, मान खाली.

मग ताई म्हणाली, हेच पुन्हा पैल्यापासून. जिथं वाटंल की असं नको व्हायला, तिथं "थांबा" म्हणायचं, आन् ज्याच्या जागी वाटंल त्याच्या जागी येऊन स्वतः करायचं.

पैल्यांदा चंद्राबाई. पोरगी झाली. सायकलवरून उतरून हात जोडले, लई गोड बोलली. पारावरचा थोरला झालेला मिशीवाला पोरगा खाकरला, "शाब्बास. रोज अशीच उतरत जा." हरली. मग गुरुजी गेले, कायदा सांगितला. मिशीवाला म्हणाला, "कायदा फाट्यावर ठिवा." लोक हसले. मग कॉलेजचा एक पोरगा गेला, भांडला, त्याला तर बोलूच दिलं न्हाई.

तेवढ्यात कोणीतरी "थांबा" म्हणलं. बघते तर मीच.

"आज्जी, कोणाच्या जागी?"

मी म्हणलं, "थोरल्याच्या."

मिशीवाल्याचं उपरणं घेतलं, खांद्यावर टाकलं आन् पारावर चढले. चपला घालून. बसले. बाई गं! तिथून काय काय दिसतं! गिरणी दिसते, आड दिसतो, ज्याचं त्याचं दार दिसतं, कोण आलं कोण गेलं. म्हणूनच उठत न्हाईत हे.

रेणुका दुरड्यांची सायकल घेऊन आली. मी म्हणलं, "जा पोरी, उशीर व्हईल." बाप झालेलं पोरगं म्हणलं, "पण काका, आपली इज्जत?" मी म्हणलं, "सायकलच्या चाकाखाली येईल एवढी बारकी हाय का रे आपली इज्जत?"

काय टाळ्या! काय शिट्ट्या! चंद्राबाईनं तर पोतंच हवेत उडवलं.

पण ताईनं हात वर केला. "आज्जी, ही जादू झाली. थोरला बदलला की सगळंच सोपं. खरा थोरला असं म्हणंल का?"

पाराच्या पलीकडच्या अंगाला थोरले भावजी बसले व्हते. माझी पाठ तिकडं, मला दिसले न्हाईत. तिथून आवाज आला, "न्हाई म्हणनार."

मग म्हणाले, "शिवाची माय, खाली उतर."

त्यांच्यापुढं मी कधी मोठ्यानं खोकले सुदीक न्हाई. पदर सारखा केला. आन् बसूनच बोलले, "तुमी तुमच्या जागी या भावजी, खेळा. मी माझ्या जागी खेळते."

न्हाई आले. काठी घेतली, घरी गेले. नाटक संपून सतरंजी गुंडाळली तोवर मी उतरले न्हाई. खरं सांगते, उतरायची हिंमतच नव्हती. पण लोकांना काय कळतंय.


रविवार, १४

नाटकवाले काल गेले. दुसऱ्या गावी कार्यक्रम व्हता. पुन्हा येतो म्हणाले, कधी ते फोनवर सांगणार. रेणुका गळ्यात पडली.

शिवा बोलत न्हाई. आज एकदाच बोलला, "माय, तू पारावर बसलीस."

"बसले. दगडच हाय. गार लागतो."

ताटावरून उठला. मला वाईट वाटलं, भाकर अर्धी राह्यली.

थोरल्या भावजींकडं रोज सकाळी आमच्या घरून ताक जातं. सासूबाईंपासूनची रीत. कालचं ताक तसंच परत आलं. आजचं बी. तांब्या काठोकाठ. मी उद्या बी पाठवणार. त्यांना प्यायचं न्हाई तर नको, पाठवायचं माझ्याकडं हाय.


मंगळवार, १६

ठरलं असं, की आज अंकीला शाळेत सोडायचंच. सायकल न्हाई तर न्हाई, फाट्यापर्यंत चालत जायचं, पुढं मिळंल ते टेम्पो-जीप. पण पारासमोरून चपला पायात. अंकीचे तर बूट.

मी, मंगल, चंद्राबाई, आणखी चारपाच जणी. शिवा दारात उभा व्हता. मंगल त्याच्या अंगावरून निघून आली, डोकीवर पदर, डोळे खाली, पायात चपला. तो बाजूला झाला.

लिंबापाशी आलो. चाललो. पारावरची मान्सं बघून राह्यली. गिरणीपाशी पोचलो आन् मी म्हणलं, झालं बाई! बघते तर चंद्राबाई अनवाणी. चपला काखेत! तिला पत्ताच न्हाई, पायांनी आपोआप काढून टाकल्या. ती माझ्या पायाकडं बघून फिदीफिदी हसायली. मी खाली बघते तर माझी एक पायात, एक हातात!

मग काय. पुन्हा लिंबापाशी गेलो, पुन्हा पैल्यापासून. या वक्ताला एकमेकींच्या पायांकडं बघत. पारावरून एक जण म्हणला, "कामून बाई, आज चपला काढायच्या इसरल्या काय?"

चंद्राबाई थांबली. थांबली! त्याच्या तोंडाकडं बघून म्हणाली, "इसरलो व्हतो. म्हणून तर परत आलो."

थोरले भावजी मात्र लिंबाकडं बघत बसले. अंकी दुपारी शाळेत पोचली, दोन तास बुडाले. येताना अंधार. असं रोज कसं जमायचं. सायकलच पायजे.


शुक्रवार, १९, येळवस

आज सगळं गाव रानात. अमावस्येला रानात जेवायचं, या भागाची रीत. कडब्याची कोप म्हणजे खोपी, आत पांडव म्हणून मांडलेले दगड, हिरवा हरभरा, तुरीच्या शेंगा घातलेली भज्जी, बाजरीचे उंडे, मातीच्या माठात आंबील. आंबील यंदा अशी जमली की मीच दोन वाट्या आधी पिऊन घेतली. देवाला म्हणलं रागावू नको.

थोरल्या भावजींना बोलावणं गेलं. येळवशीचं बोलावणं कोणी मोडत न्हाई. ते पांढरं धोतर नेसून आले. घोंगडीवर बसले. शिवानं हातावर पाणी घातलं. मंगलनं वाढलं. मी कोपीच्या आडोशाला.

ताक परत येऊन राह्यलं हाय, पण आंबील तीन वाट्या पिले. बिनताकाची व्हते का आंबील?

हात धुतले, सुपारी कातरली, आन् दुसरीकडंच बघत म्हणाले, "शिवाची माय. ते नाटकवाले परत येणार हायत का?"

म्हणलं, येणार म्हणाले. काय काम?

"त्या मिशीवाल्या पोट्ट्यानं माझं काम लई वंगाळ केलं. मी असा बोलत न्हाई. मी असा खाकरत बी न्हाई."

अंकीनं तोंडात पदर— पदर कुठला तिला, ओढणी कोंबली.

मी म्हणलं, "मग तुमीच करून दाखवा."

"दाखवीन की. भितो का काय? पण आयका, मी न्हाईच म्हणनार. साऱ्या गावादेखत न्हाई म्हणनार."

"म्हणा," अंकी बोलली. मला न विचारता, पुढं येऊन. "मग माझं काम बी मीच करते, आजोबा. दुरड्या नकोत. खरी सायकल."

शिवा शेंगा सोलत व्हता. सोलायचा थांबला. भावजी त्याच्याकडं बघायले, अंकी त्याच्याकडं, मंगल भांड्याकडं. शिवा म्हणाला, "नाटकापुरती काढीन."

भावजी म्हणाले, "नाटकापुरती." आन् अंकीला म्हणाले, "घंटी वाजवशील?"

"वाजवीन."

"बरं," म्हणले. काठी घेतली. गेले. त्या बरंचा अर्थ मला कळला न्हाई, शिवाला बी न्हाई. चंद्राबाईला चार अर्थ कळले, चारी वेगळे.

परत येताना गाडीत पोरीनं विचारलं, आज्जी, ते खरंच न्हाई म्हणले तर? मी म्हणलं, तर मी थांबा म्हणीन. आणि पुन्हा न्हाई म्हणले तर पुन्हा थांबा. त्या नाटकात कितीदा थांबा म्हणायचं याला काही बंधन हाय का? ताईनं तर सांगितलं न्हाई.


शनिवार, २०

सकाळी ताक पाठवलं. तांब्या अजून परत आला न्हाई. रिकामा येतो का भरलेला, काय की.

गोठ्यात जाऊन आले. सायकल वरच हाय. चिमणी बसते तिच्यावर.

अंकीनं वैशालीताईला फोन लावून दिला. मी सांगितलं, ताई, या वक्ताला मिशा आणू नका, आमच्याकडं खरी हाय. ताई लई हसली. रेणुका बी येणार म्हणाली. तिला म्हणलं संक्रांतीला ये, तीळगूळ ठेवते. तर त्या दिवशी जमत न्हाई.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी येतो म्हणाले, दिवेलागणीला, पारासमोर. गुरुवार, १५ जानेवारी.