घट्ट शिवलेला प्रबंध

आप्पा, तुमच्या हातची एक वस्तू परवा माझ्यापाशी आली होती, म्हणून लिहायलोय. बाकी विशेष काही नाही. मी बेंगळुरूला आहे. सुरत सोडली, हैदराबाद सोडलं. एका जागी माझं बूड टेकत नाही हे तुमाला माहीतच होतं. इथं कॉलेजच्या रस्त्याला एक दुकान आहे. पोरं जाडजाड पुस्तकं आणून देतात आणि आमी ती त्यांच्या टॅबमध्ये घालून देतो. टॅब म्हणजे पाटीएवढा मोबाइल समजा. तुमी गेलात तेव्हा आपल्याकडं कुणाच्या हातात दिसत नव्हता. पोरं त्याच्यावरच वाचतात, काचेवर पेनानं लिहितात, अख्खं कपाट पिशवीत घालून फिरतात. पण पुस्तक त्यात घालायचं तर पानं सुटी लागतात. त्यासाठी एक कटर आहे. पुस्तकाची पाठ पात्याखाली धरायची, दांडा ओढायचा, पानं मोकळी. पुढचं मशीन बघून घेतं. तुमी जन्मभर पुस्तकं बांधली, मी दिवसभर ती सोडवतो. त्याचं मला कधी काही वाटलं नाही.

आपलं परभणीचं दुकान आठवायला गेलं की आधी स्वयंपाकघरच आठवतं. आई चहाच्या आधी पुस्तकं चिकटवायची खळ शिजवायलीय. मैदा, पाणी आणि कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. एकदा मी खीर समजून बोट चाटलं, तर आईनं गुळण्या करायला लावून लावून माझं तोंड सोललं, आणि तुमी दारातून म्हणालात, आता ह्याच्या आतड्याला कसर लागायची न्हाई. मग ते पातेलं सायकलीला अडकवून तुमी विद्यापीठाच्या गेटापाशी दुकानात जायचे. कपाळाला विभूती लावलेली बोटं झेरॉक्सच्या मशीनला पुसायचे. शेतकीच्या पोरांचे प्रबंध आले की गळ्यातलं इष्टलिंग शर्टात सारून शिवायला बसायचे. शाळा बुडवून मीही तिथंच. एकदा मी एक जाड पुस्तक झेरॉक्सच्या काचेवर पालथं घातलं आणि दोन्ही हातांनी दाबलं. तुमी मारलं नाही. मला वाकवून माझ्या पाठीवर तळहात ठेवला आणि तसाच दाब दिला. "कसं वाटायलंय? त्यालाबी पाठ हाय." बस, एवढंच. मग गिऱ्हाइकाकडं वळून म्हणालात, माझी शिलाई उसवायची तर करवत आणावी लागंल.

तर परवा एक मुलगी आली, फोनवर मराठीत बोलत. पीएचडी करायलीय. पिशवीतून तिनं लाल रेक्झिनचा प्रबंध काढला. तिच्या वडिलांचा, तुरीवरच्या किडीचा, परभणीला केलेला. टॅबवर एका बाजूला हा आणि दुसऱ्या बाजूला स्वतःचं लिखाण, असं ठेवून तिला काम करायचं होतं. शब्द टाकला की सगळ्या पानांतून सापडला पाहिजे. घरात जागा नाही, बाबा म्हणाले कापून टाक, असंही बोलली. मीबी परभणीचाच, असं माझ्या तोंडून निघून गेलं. मग मागचा पुठ्ठा उघडला, तर आत आपल्या दुकानाचं लेबल. पिवळं पडलेलं, एक कोपरा उचललेला. आप्पा, फक्त हात थांबला. मी तिला म्हणालो, उद्या या.

मालक म्हणाला, काप आणि मोकळा हो. मी म्हणालो, न कापता करतो. तो म्हणाला, दहा मिनिटांच्या कामाला दिवस घाल, पण गिऱ्हाईक ओरडत आलं तर माझ्याकडं बघू नको. मी दुकानातल्या टॅबच्या कॅमेऱ्यानं एकेक पान धरलं. प्रबंध अर्धाच उघडायचा, टॅब तिरका धरायचा. पूर्ण उघडायचा तर पाठ दाबावी लागली असती. ती दाबली नाही.

दुसऱ्या दिवशी ती स्टुलावर बसून टॅब मांडीवर घेते. पेनानं शब्द लिहिते, पानं भराभर पुढं येतात. मग ती थांबते. तुमच्या शिलाईत आतल्या कडेचे शब्द बुडालेले. सगळे वाकडे आले होते, टॅबला ओळखूच येईनात. प्रत्येक ओळ अर्धी. ती रागावली नाही. "दादा, ह्याच्यावर मी काम कसं करू? सरांना ह्याच आठवड्यात दाखवायचंय."

"शिलाई लय घट्ट हाय," मी म्हणालो.

ती हसली. कुणी शिवलंय एवढं, म्हणत तिनं मागचा पुठ्ठा उघडला, लेबल वाचलं. "हे दुकान ओळखीचं आहे का तुमच्या? तुम्ही परभणीचे ना?"

"न्हाई," मी म्हणालो, आणि प्रबंध कटरखाली ठेवून दांडा ओढला.

एका दमात कापला गेला. पाठ बाजूला पडली, दोऱ्यांची टोकं आणि वाळून काचेसारखी झालेली खळ. मी ती नाकाशी नेली. वास आला नाही. पानं मशीनमधून गेली, टॅबवर सरळ उतरली. मुलीनं तिथंच बसून वाचायला सुरुवात केली. एका ओळीभोवती गोल केला, शेजारी बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं, पुढच्या पानावर गेली. मी पुठ्ठे आणि पाठ रद्दीच्या पोत्यात टाकली. संध्याकाळी पोतं गेलं.

हे मी जेवणाच्या सुट्टीत दुकानाच्या टॅबवर लिहायलोय. पाठवायचं कुठं, हा प्रश्नच नाही. घरी फोनवर आईला ह्यातलं काही बोललो नाही. तुमाला सांगतो. त्या मुलीला न्हाई का म्हणालो ते. ओळख दिली असती तर तिनं विचारलं असतं, कसे होते तुमचे वडील. आणि माझ्यापाशी सांगायला एवढंच होतं, वर लिहिलं तेवढं.