चंद्राच्या दोरीबद्दल व्याह्यांना खुलासा

मुक्काम हिरडेमाळ, मुठे खोरे
मार्गशीर्ष, सन १९२६

राजमान्य राजश्री कोंडिबा पाटील, मुक्काम उरवडे, यांना गेणबा दुकानदाराचा दोन्ही हातांनी रामराम (एका हातात तराजू होता, तो खाली ठेवून). वाघजाईच्या कृपेने इकडे सगळे धडधाकट आहेत. तुमच्या गुडघ्याचं कसं काय? मागे पाठवलेलं तेल चोळता, की आल्यागेल्याला नुसती बाटली दाखवता? विहीणबाईंचा खोकला थंडीने वाढला नसेल अशी आशा करतो. आमच्या घरात खोकला नाही, पण आमचं कुटुंब तुळजाबाई गेले काही दिवस माझ्याशी बोलत नाही. त्याचं कारण पुढे ओघाने येईल.

तुमचं पत्र पोचलं. मी ते तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा तुम्ही रागावलेलेच होतात. तुम्ही लिहिता की, आमची चंद्रा, म्हणजे तुमची होणारी सून, शाळेत कोपरापर्यंत चिखलात हात घालून बसते आणि हातात दोरी घेऊन लोकांच्या घरांत शिरते, असं कासाराने तुम्हाला सांगितलं. तेव्हा असली शाळा पुरे झाली, येत्या चैत्रात लग्न उरकून पोर उरवड्याला आणावी. तुम्ही मुलाकडचे, तुमचा शब्द वजनाचा. मी वाद घालत नाही. फक्त कासार आमच्याकडे अर्धी गोष्ट बघून गेला, आणि अर्धी बांगडी कुणाच्या हातात बसत नाही हे त्याला तरी कळायला हवं होतं. म्हणून उरलेली गोष्ट लिहितो. मग तुम्ही म्हणाल तसं.

तुम्हाला ठाऊकच आहे की शाळा माझ्या कोठीच्या निम्म्या भागात भरते. उरलेल्या निम्म्यात माझं दुकान, आणि मध्ये कारवीच्या काड्यांचा पातळ कुड. (मी स्कूल कमिटीचा चेअरमन झालो तो विद्येमुळे नव्हे, कोठीमुळे. मी शाळेची पायरी चढलेलो नाही. डोक्यावर हिरड्याचं ओझं घेऊन पौडापर्यंत उतरायचो, आणि अक्षरं शिकलो ती व्यापाऱ्यांच्या पोत्यांवरची नावं बोटाने गिरवून.) पण देवाने कान बरे दिलेत. ओला हिरडा आणि सुका हिरडा मी पोतं हलवून आवाजावरून ओळखतो, त्यावरच तर दुकान उभं राहिलं. अशा कानाच्या माणसाशेजारी कुडापलीकडे शाळा भरली तर काय होणार? बिगरी आणि पहिली मी गूळ तोलता तोलता पास झालो. सध्या दुसरीत आहे.

दुसरीला वाल्मीक मास्तर आहेत. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून आलेले, अंगाने काडी, पण डोक्यात एक गोष्ट पक्की धरलेले: पोराने हाताने केल्याशिवाय त्याला काही येत नाही. पाव, निम्मा, पाऊण शिकवायचं तर त्यांनी फळ्यावर काढलं नाही, पोरांच्या फडक्यातल्या भाकरी सोडायला लावल्या आणि मोडायला लावल्या. त्या दिवशी सगळ्या वर्गाला पाऊण पक्कं झालं, कारण प्रत्येकाची पाव भाकरी शेजाऱ्याने खाल्ली होती. वजनं शिकवायला माझाच तराजू नेला. पोरांनी मास्तरांचं पागोटं, शाळेची घंटा आणि आमचं मांजर तोललं. (मांजर पारड्यात बसेना, तेव्हा चंद्राने ते कडेवर घेऊन आधी दोघांचं वजन केलं आणि मग आपलं वजा केलं. हे मी पोरीची स्तुती म्हणून सांगत नाही. घडलं ते सांगतो.)

मग आला गावाचा नकाशा. पुस्तकात तो पाटीवर काढायचा असतो. मास्तर म्हणाले, पाटीवरचं गाव तुडवता येत नाही, आपण पडवीत मातीचं गाव करू. पोरांनी ओढ्यातली चिकण माती आणली. गाव खऱ्या मापाने व्हावं म्हणून माझ्या दुकानातली काथ्याची दोरी घेऊन तिला हाता-हातावर गाठी मारल्या. (हात कुणाचा धरायचा यावरून वर्गात भांडण झालं. शेवटी मास्तरांचा धरला, कारण तो एकटाच धुतलेला होता.) आणि दुसरीची फौज दोरी घेऊन घरं मोजायला बाहेर पडली. पुढच्या टोकाला आमची चंद्रा, मागच्या टोकाला धुळाजी धनगराचा म्हसू.

इथे गडबड झाली, पाटील. पोरांना दोरी दिसत होती आणि गावाला मोजणी दिसत होती. डोंगरापलीकडे मुळा खोऱ्यात काय झालं ते तुम्हीही जाणता. आधी मोजणीची साखळी आली, मग झेंडे आले, मग धरण आलं. आमच्या खोऱ्यात कुणी शेतात नुसती काठी रोवली तरी बाया चुलीवरचं उतरवून बाहेर येतात. धुळाजीने दोरी पाहिली आणि मेंढरं थेट डोंगरावर चढवली. ओढ्याकाठची रंभाबाई आपल्या उंबऱ्यावर आडवी बसली, "माझं घर मोजायचं न्हाई! मोजलं की पानी येतंय!"

"आत्ये, पानी न्हाई येत. मास्तर येत्यात," चंद्रा म्हणाली.

"मास्तर कुनाचा मानूस? सरकारचाच ना?"

चंद्राने दोरी गुंडाळायला घेतली. "मग ऱ्हाऊ द्या. तुमचं घर गावात न्हाई धरत."

रंभाबाई ताडकन उठली. "मी गावात न्हाई? व्हय गं भवाने? लगीन हून आले तवा तुझा बा शेंबूड पुसत फिरत हुता! मोज! गोठ्यासकट मोज!" (माझा शेंबूड नकाशात येत नाही, पण गावाने ऐकला.)

झालं, मोजणी पार पडली. चार दिवसांत पडवीत गाव उभं राहिलं, इतकं हुबेहूब की माझ्या कोठीचा वाकलेला कोपराही वाकलेला. म्हसूने आपल्या वाड्यात लेंड्या मांडून मेंढरं केली होती, आणि काळी मेंढी कुठली असं विचारलं तर तो रागवायचा. तेवढ्यात बातमी फुटली की डिपोटी साहेब शाळा तपासायला येणार. लगेच गावाचा विचार फिरला. सरकारचा माणूस पडवीतलं गाव बघणार, आणि उद्या धरण इकडेही आलंच तर याच मापाने भरपाई धरणार! मग काल ज्याला घर मोजायचं नव्हतं त्याला आज घर मोठं करायचं होतं.

बाजाराच्या दिवशी मास्तर पौडाला गेले, शाळेला सुट्टी, आणि मी कुडाच्या अलीकडे बसलेला. पाय न वाजवता येणारा माणूस किती वाजतो हे मला त्या दिवशी कळलं. आधी आमच्या गावचे जयसिंग पाटील आले, त्यांनी आपल्या घरावर माडी चढवली (ते खाली वाकले की धापा टाकतात, लगेच ओळखू आले). मग धुळाजी आणि बयाबाई, नवरा-बायको. मेंढरांचा वाडा पाण्याजवळ असावा म्हणून त्यांनी तो उचलून ओढ्याच्या काठी नेला. "आगं, सरळ ठिव." "तुमी गप ऱ्हावा, मला म्हाईत हाय." रंभाबाईने विहीर खणली. तिच्याकडे विहीर नाही, पण बोटाने खणायला किती वेळ लागतो? हे सगळं ऐकून चेअरमन या नात्याने बंदोबस्त करावा म्हणून मी उठून पडवीत गेलो. आणि आता गेलोच आहे तर माझी नवी कोठी, जी मी पुढेमागे बांधणारच आहे, ती तेवढी थापून घेतली. मातीचा हात घेऊन वळतो तो दारात तुळजाबाई! तिच्या पदरात मातीचा गोळा. ती आमच्या घराला ओसरी लावायला आली होती, आणि ओसरीच्या नेमक्या जागी मी कोठी थापली होती. तेव्हापासून ती बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी पोरं आली तर गाव फुगलेलं. ओढा भिंतीला लागलेला, वाटा गायब, शाळा एका कोपऱ्यात माझ्या नव्या कोठीखाली दबलेली. म्हसू रडायला लागला, कारण त्याची मेंढरं पाण्यात होती. चंद्रा मात्र खाली वाकून माती बघत राहिली आणि भर वर्गात म्हणाली, "ह्यो आंगठा आमच्या आबाचा हाय. वाकडा." (पोत्याची गाठ ओढून ओढून माझा अंगठा वाकलाय, हे तुम्हीही पाहिलंय.) मी कुडामागे गुळाची ढेप कापत होतो, ती कापतच राहिलो.

मास्तरांनी आवाज चढवला नाही. ते म्हणाले, मोठी माणसंही शिकायला आली, आनंद आहे. पण दुसरीत बसायचं तर दुसरीचा नियम: मोजल्याशिवाय बांधायचं नाही. आणि पोरांना घरोघर धाडलं. ज्याचं घर त्याने बाहेर येऊन दोरीचं टोक धरायचं आणि गाठी मोठ्याने मोजायच्या. जयसिंग पाटलांना वर बघून माडी शोधावी लागली. माझी नवी कोठी मोजायला चंद्रा आली तेव्हा मी तिला मोकळं अंगण दाखवलं. ती म्हणाली, "आबा, हितं तर कोंबडी हाय." मी म्हटलं, मग कोंबडी धर.

नेमके याच वेळी डिपोटी साहेब तट्टावरून आले. शाळेत चिटपाखरू नाही, आणि सगळं गाव रस्त्यावर गाठी मोजतंय. रंभाबाईच्या दोरीला दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. तिने साहेबांचा कोट पाहिला, बूट पाहिले आणि टोक त्यांच्याच हातात दिलं. "धर रं बाबा, उगा हुबा हाईस तर." साहेबांनी धरलं. चंद्रा खालून ओरडली, "ताणून धरा! ढिली धरली की घर मोठं हुतंय, मग भांडनं हुत्यात!" मास्तर धावत आले, त्यांचा चेहरा पिठासारखा झालेला. साहेबांनी विचारलं, मुलं शाळेत का नाहीत? मास्तर पागोटं सावरू लागले. चंद्रा गाठी मोजण्यात होती, मान वर न करता म्हणाली, "शाळा हीच हाय, सायब. आत मावंना."

साहेब काय शेरा देऊन गेले ते मला माहीत नाही. पण पुढची तीन घरं त्यांनी दोरीचं टोक सोडलं नाही, आणि जाताना रंभाबाईला गोठ्याचं माप पुन्हा घ्यायला लावलं, एक गाठ चुकली होती म्हणून. रंभाबाईने दुसऱ्याच दिवशी आपली पुतणी शाळेत आणून बसवली, "हिलाबी मोजायला शिकवा, म्हंजी मला कुनी फशिवनार न्हाई." तिच्यामागून आणखी दोघी आल्या. कासार जे बघून गेला तो पहिल्या चार दिवसांतला चिखल. हे बाकीचं सगळं तो गेल्यावर झालं.

असो. मी काही मागायला हे पत्र लिहिलेलं नाही, नुसता खुलासा केला. चैत्राचं तुम्ही ठरवाल ते मला कबूल. विहीणबाईंना दंडवत, जावईबापूंच्या पाठीवरून माझ्या वतीने हात फिरवावा.

तुमचाच,
गेणबा

ता. क. — चैत्राच्या बाबतीत एक बारीक अडचण आहे. मांडवासाठी अंगण मोजलं, ते तुमच्या वऱ्हाडाला कमी पडतं. अंगण वाढवायला दोन वर्षं तरी जातील. तेवढ्यात चंद्राची चौथी होते, पण तो निव्वळ योगायोग समजावा.

ता. क. दुसरा — पत्राबरोबर आंबेमोहोर तांदळाचं पोतं पाठवलं आहे. गाडीवानाला सांगितलंय की उत्तर घेतल्याशिवाय निघायचं नाही. तो जेवायला दांडगा आहे, तेव्हा उत्तराला उशीर केलात तर पोतं त्याच्याच पोटात जाईल.

ता. क. तिसरा — अंगणाचं खरं मानू नका. अंगण भरपूर आहे, चंद्रानेच मोजलं. खरी गोष्ट अशी की, काल ती पडवीत उरवडं करत बसली होती. तुमचं घर, चिंच, गोठा, विहीर, सगळं मला विचारून विचारून मांडलं. मग म्हणाली, "आबा, तितं माझी शाळा कुटं मांडू?" तुमचं गाव, मी कुठे बोट ठेवणार? म्हटलं, तुझ्या सासऱ्यांना विचारतो. तिने मातीचा एक गोळा त्यासाठी बाजूला ओल्या फडक्यात बांधून ठेवलाय. तो सुकायच्या आत कळवा.