मनगटावर ठेवलेली बोटं

आई,

त्या सिस्टरला कसं कळायचं, ते मला आता माहीत आहे. तू कितीदा विचारलं होतंस. आबांना, शेजारच्या खाटेवरच्या मावशींना, एकदा तर मलाही, जसं काही चौथीतल्या पोरीला ते ठाऊकच असणार. "मी तर तोंडातनं शबुद काढत न्हाई, मग हिला कळतं कसं गं?"

तळेगावच्या त्या दवाखान्यातला बायकांचा वॉर्ड मला अजून दिसतो. खिडकीशी तुझी खाट. सकाळी डॉक्टर येतात, विचारतात, "काय, दम कसा आहे?" तू पाठ ताठ करतेस, पदर सावरतेस आणि सांगतेस, "बरंय की आता. सोडा मला. शनवारी मालकांच्या बंगल्यावर पावनं येनारेत." आणि तेवढ्यापुरती तू खरोखरच बरी दिसतेस. डॉक्टर मान हलवून पुढे जाणार, तोच ती सिस्टर हळूच म्हणते, "सर, ताईला बरा नाय. श्वास फास्ट हाय." घरी जाणं पुन्हा लांबतं. ती केरळची होती. मराठी सगळं वॉर्डातल्या बायकांकडून उचललेलं, त्यामुळे डॉक्टरांनासुद्धा मधेच "काय ओ बाबा" म्हणायची आणि सगळा वॉर्ड हसायचा. तिचं घड्याळ मनगटाला नव्हतं, छातीवर पिन लावून उलटं टांगलेलं. "घड्याळ बी उलटं आन् बाई बी उलटी," तू म्हणायचीस. "काय घोडं मारलंय मी हिचं?" पण संध्याकाळी ती आली की तूच हात पुढे करायचीस. ती तुझं मनगट धरून बसायची. "ताई, बोलायचा नाय. नाडी बघते." तू डोळे मिटायचीस आणि तुझा चेहरा सैल पडायचा. ती गेल्यावर मला म्हणायचीस, "चिडकी हाय, पन जीव लावती बघ. कोन कुनाचा हात इतका वेळ धरतंय?"

हे वाक्य मी घेऊन मोठी झाले.

बारावीनंतर मी नर्सिंगचं नाव काढलं तेव्हा आत्या ओसरीवर बसून होती. "लोकांची घान काढायला कालेजात जायचं व्हय? ती तर घरी बी काढता येती." आबा तांदूळ निवडत होते. मान वर न करता बहिणीला म्हणाले, "तिच्या आईचा हात शेवटाला कुनी धरला हुता? तू हुतीस का तितं?" आत्या चहा न घेता गेली. आपल्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. पण मला पदवी हवी होती असं नाही, आई. मला तो हात व्हायचं होतं.

आणि मग पहिल्याच वर्षी, वर्गात, मॅडमनी शिकवलं. नाडी बघताना अंगठा वापरायचा नाही, बोटंच वापरायची, कारण अंगठ्याला स्वतःची नाडी असते, चुकून आपलीच मोजली जाते. मनगटात काही घालायचं नाही, हात कोपरापर्यंत धुता यायला हवा, म्हणून घड्याळ छातीवर. आणि ते उलटं असतं ते आपण खाली मान घालून बघतो म्हणून, आपल्याला ते सुलटच दिसतं. मी मनात म्हटलं, आईला सांगायला हवं. मग मॅडम म्हणाल्या, "नाडी मोजून झाली तरी बोटं उचलायची नाहीत. पेशंटला वाटू दे, तुम्ही अजून नाडीच बघताय. नजर मात्र छातीवर ठेवायची आणि श्वास मोजायचे, पूर्ण एक मिनिट. आधी सांगितलंत तर श्वास बदलतो." आम्ही एकमेकींवर करून पाहिलं. माझी जोडीदारीण लगेच ओरडली, "ए, तू मोजतेयस ना? आता मला नीट घेताच येत नाहीये!" सगळ्या हसल्या. मी तिचं मनगट धरून तशीच बसले. हसू आलं नाही.

म्हणजे ती तुझा हात धरून बसत नव्हती. ती तुझे श्वास मोजत होती. तुला कळू न देता.

पुढे बरेच दिवस वर्गात बसलं की एवढ्या लांब आपण एका युक्तीच्या मागे आलो, असं वाटायचं. सुट्टीला घरी, मळवलीला आले की आबा कुणालातरी सांगत असायचे, "लय वेळ हात धरून बसायची ओ ती बाई," आणि मला उठून आत जावंसं वाटायचं.

मग एका सुट्टीत मी बंगल्यावर गेले. आबा एकटेच सगळं बघतात आता. शनिवारची पाहुण्यांची तयारी चालली होती, म्हणून मी फडकं घेऊन जिना पुसायला लागले. तुला आठवतो ना तो जिना? बादली घेऊन वर जाताना तू नेहमी मध्यावर थांबायचीस आणि कठडा पुसायचीस. खालून मालकीणबाई विचारायच्या, "दमलात का हो?" तू मागे वळून हसायचीस, "छ्या, धूळ किती बसती बघा हितं." आम्हाला वाटायचं, तुला स्वच्छतेचं वेड आहे. सगळ्या जिन्यात तेवढाच वीतभर कठडा चकचकीत असायचा. त्या दिवशी मी तिथे पोचले आणि माझा हात थांबला. तू धूळ पुसत नव्हतीस गं. तू श्वास गोळा करत होतीस. मालकीण होती, आबा होते, मी होते, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तू तो लपवलास. विचारणाऱ्या प्रत्येकाला "बरंय" म्हणालीस. खोटं बोलायला जागा न ठेवता तुला विचारलं, ते फक्त एका बाईने. मी जिला फसवणूक म्हणत होते, तिच्याशिवाय तुझ्याकडून खरं काढायची दुसरी कुठली वाट होती? तुझा दम किती लागतो, हे या जगात तिला एकटीला माहीत होतं. मला तिचा हेवा वाटला. अजून वाटतो.

तिला भेटायचं होतं मला. तळेगावला जाऊन विचारून आले. आखातात गेली म्हणाले, तिथून पुढे कुठे ते कुणाला ठाऊक नाही. म्हणून तुलाच विचारते आहे, कारण दुसरं कुणी उरलं नाही. नाडी बघून झाल्यावर श्वासाला एक मिनिट लागतं. ती तेवढंच बसायची का गं? की मोजून झाल्यावरही बसायची? आबांचं "लय वेळ" मी धरत नाही, त्यांना तर देवळातली आरतीही लय वेळ वाटते. मला तेव्हा घड्याळ कळत होतं, पण मी ते पाहत नव्हते, तुला पाहत होते. एकच गोष्ट मला नक्की आठवते. शेवटच्या दुपारी तू झोपली होतीस. मी पायाशी बसले होते. ती आली, तिने तुझं मनगट हातात घेतलं आणि ती तशीच उभी राहिली. आता मी वॉर्डात काम करते म्हणून मला हे कळतं, की झोपलेल्या माणसापासून काही लपवायचं नसतं. त्याचे श्वास लांबूनही मोजता येतात. मग हात कशाला? पण लगेच वाटतं, नाडी तर बघायलाच हवी होती ना, तीच बघत असेल. असं रोज इकडून तिकडे. त्या संध्याकाळनंतर तुला विचारायची सोयच राहिली नाही.

मी लोणावळ्यातल्या एका दवाखान्यात आहे आता. खंडाळ्याच्या हॉटेलांत काम करणारे येतात, घाटात गाडी चालवणारे येतात, पायऱ्यांवर घसरलेले पर्यटक येतात. त्यात तुझ्यासारख्याही येतात, पदर सावरून "बरंय" म्हणणाऱ्या. मी त्यांना म्हणते, "मावशी, बोलू नका हं, नाडी बघते." त्या डोळे मिटतात.

आणि सुट्टीला घरी आले की जेवणानंतर आबांचा हात घेते. भाताच्या लावणीला वाकतात, बंगल्याचा जिना चढतात, विचारलं की तुझ्यासारखंच उत्तर. "मला काय धाड भरलीय?" म्हणतात, पण हात पुढे करतात. मी बोटं ठेवते, नाडी मोजते, मग खाली बघितल्यासारखं करून त्यांची छाती बघत राहते. ते अंगणाकडे तोंड करून तुझ्याबद्दल काहीतरी सांगत असतात, म्हणून मला थांबावं लागतं, परत सुरुवात करावी लागते. मोजून होतं. त्यांचे श्वास अजून चांगले आहेत, काळजी करू नकोस. बोटं मात्र तिथेच असतात, आणि कधीतरी अंगठाही येऊन टेकलेला असतो.

"झालं का?" आबा विचारतात.

"थांबा की जरा. बोललात ना, चुकलं. परत मोजते."

आई, चुकलेलं काही नसतं.