पर्यायी कर्मचारी

३ नोव्हेंबर, नाशिक

मंत्रालयात कोंडलेला आमचा विभाग जिल्ह्यांच्या जवळ न्यावा, हा प्रस्ताव माझा. तो मंजूर झाला, कर्मचारी इथे आले, आणि नव्या कार्यालयाला शिस्त लावण्यासाठी आता मी स्वतः काही आठवडे आले आहे. हवा कोरडी, प्रसन्न. खिडकीतून पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो. तृप्तीला फोन केला. तिचे दहावीचे वर्ष. आई जवळ नाही म्हणून थोडी रडली. मुंबईहून आलेला कर्मचारीवर्ग मात्र सुतकी चेहऱ्याचा, आणि त्यांची टिपणे चेहऱ्यांहून सुमार.

४ नोव्हेंबर

माझ्या दालनाला रंग देणे सुरू आहे, म्हणून हॉलमध्ये बसावे लागले. सारे दाटीवाटीने बसतात. खिडकीजवळचे एक टेबल तेवढे रिकामे. ते मीना या टंकलेखिकेचे. लहान मुलाला मुंबईत सासूकडे ठेवून ती इथे आली, देवळाली कॅम्पात खोली घेऊन राहिली आणि पावसाळ्यात तापाने गेली. बदली रद्द करण्याचा तिचा अर्ज मी फेटाळला होता. अपवाद केला की धोरण संपते. आजही तेच लिहीन.

त्या टेबलावर शिपाई बहिरू चहाचा कप ठेवत होता. मी कारण विचारले. वरिष्ठ लिपिक उज्वला सर्वांदेखत म्हणाली, "मॅडम, तुमच्याच आदेशात आहे ना, पर्यायी कर्मचारी हजर झाल्याशिवाय कोणाला सोडायचं नाही? मीनाला कुठे सोडलंय अजून? येते बिचारी रोज." काहीजण हसले. मी उज्वलाकडून लेखी खुलासा मागवला आणि मीनाच्याच खुर्चीत बसले.

६ नोव्हेंबर

सचिवांना पाठवायचे पत्र दोनदा टाइप करवून घेतले. दोन्ही वेळा चुका. अखेर मीनाच्या संगणकावर मीच केले. निर्दोष झाले. खुर्चीची गादी सकाळपासून ऊबदार होती. पत्र पूर्ण होताच ती गार पडली, कोणीतरी उठून गेल्यासारखी. उज्वलाने दाराकडे पाहून हात हलवला. "जा गं मीने, सुटलीस! आली तुझ्या जागेवर बाई. पोराला पोटाशी धर." मग सर्वांनी टाळ्या वाजवल्या. हा उद्दामपणा मी वर कळवणार आहे.

७ नोव्हेंबर

मी आत आले तरी कोणी उठले नाही. बहिरूला खडसावले, त्याने ऐकले नाही. कप खुर्चीपुढे ठेवून गेला. माझी गाडी जागेवर नाही. चालक मोतीरामला फोन केला. मॅडमना आपण कालच दादरला घरी सोडले, असे तो म्हणाला. वाटेत त्यांनी एका म्हातारीकडून एक मुलगा गाडीत घेतला, आणि त्याला सोडायलाच तयार नव्हत्या —

८ नोव्हेंबर

घरी फोन केला. मी आई बोलते, म्हणाले. तृप्ती गोंधळली, आई तर स्वयंपाकघरात आहे, म्हणाली. मागून आवाज आला, माझाच — "कोण गं?"

९ नोव्हेंबर

बसमध्ये बसले. इगतपुरीच्या पुढे — डोळे उघडले तर पुन्हा ही खुर्ची. अंगात ताप.

१० नोव्हेंबर

ओरडले. कोणी वळून पाहिले नाही. आरशात पाहिले, तिथे — नाही. उज्वला मात्र खुर्चीकडे पाहून गोड हसली. "सोडू की, मॅडम. तुमच्या जागी कोणी येऊ द्या फक्त."

कोणालाही बोलवीन. यांच्यापैकीच कोणाला तरी बसवीन. एकेकाला —

११ नोव्हेंबर

तृप्तीचा फोन. घरातली बाई आई नाही, तिने ओळखले. एकटी निघाली आहे. येऊ नकोस म्हटले — आवाजच गेला नाही.

तृप्ती दारात. उज्वला पदराने खुर्ची पुसते आहे. "बस हं बाळा, आई येतेच. तोवर एवढं पत्र टाइप करून दे" —

गादी ऊबदार आहे, तृप्ती, हात लावून बघ, मी आहे इथे, उठ, तृप्ती, एक अक्षरसुद्धा —