नामदेवची कुऱ्हाड

मंगळवार, दिवेलागण

डोकं अजून तापलेलंच आहे. देवरावने शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या भांडणात सख्ख्या भावाच्या खांद्यात कुऱ्हाड घातली, अन् दिवसभर ठाण्यात बसवलं मला. काऊन? तर जमादाराने पंचांना विचारलं, "कुऱ्हाड कोनाची?" पंच सवयीने बोलून गेले, "नामदेव लोहाराची." आमच्याकडे असंच म्हणतात, घेणाऱ्याचं नाव कोणी घेत नाही, घडवणाऱ्याचं घेतात. जमादाराने तेच लिहून घेतलं.

"माही नाही, साहेब. म्या फक्त घडवली. मारली देवरावनं."

"मंग त्याले काऊन देल्ली बे?"

काऊन देल्ली म्हणे. साखरखेर्ड्याच्या बाजारात गिऱ्हाईक आलं की तुझं भावाशी पटतं का, हे विचारू मी? देवराव ज्या मोटरसायकलवर पळाला, ती बनवणाऱ्या कंपनीच्या मालकाला आणलं का कोणी ठाण्यात? तो कुठे बसतो तेही यांना माहीत नसेल. मी भात्यासमोर बसतो, म्हणून सापडलो.

घरी येऊन हे सगळं बायकोला ऐकवलं. भाकर थापता थापता ती म्हणाली, "लोक नामदेवची कुऱ्हाड म्हनत, तवा तं छाती फुगे तुमची."

तिचाही राग आला. जेवलो नाही. पण खोटं कुठे बोलली ती? बावीस वर्षं भर बाजारात कोणी "नामदेवची कुऱ्हाड" म्हटलं, की मी मान वर करून बघायचो.

आज पहिल्यांदा म्हणालो, माही नाही.